उंबऱ्याचा फोटो

पलटण कोलकात्यात असताना सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन मी चिनी वस्तीत पळायचो. जुनी घरं पडत होती, टॉवर उठत होते. काय टिपू नि काय नको असं व्हायचं! एक चिनी म्हातारी मात्र दारातूनच हाकलायची. एकदा तिचं तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आत शिरलो. ओझ्यासकट उंबरा ओलांडला, पाय लागू दिला नाही. आईची शिकवण! म्हातारी खुलली. त्यांच्यातही उंबरा तुडवत नाहीत. मग मी वेड्यासारखे फोटो काढले.

उंब्रजला आल्यावर उंबऱ्याचा फोटो आईला दाखवला.

“लय झ्याक हाय,” ती म्हणाली. “फरशी बसवताना आपला उपटलास, त्याचा हाय का रं?”