पलीकडचा आवाज

पडद्यावर हिरवी खूण उमटली, म्हणजे वीजवाहिनी बंद करायला परवानगी मिळाली. पूर्वी आमच्या उपकेंद्रातून त्यासाठी मी मुख्य नियंत्रण कक्षात जोशी मॅडमना फोन करायचो. मी सांगितलेला वाहिनीचा नंबर त्या सावकाश परत म्हणायच्या, कारण एक आकडा चुकला तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा जीव जाईल. अकरा वर्षांत आम्ही कधी भेटलो नाही. एकदा नंबर म्हणून झाल्यावर त्या म्हणाल्या, "घसा बसलाय तुमचा. वाफ घ्या."

आता कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते, म्हणून फोन बंद झाले. ते योग्यच आहे. आज काम संपलं, खांबावरची माणसं सुखरूप उतरली. मला ते कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं.