एड्नाला तिचीच बोली शिकवली त्याची गोष्ट

एड्ना शटलवर्थची आजी उत्तर इंग्लंडातल्या ओल्डमच्या सूतगिरणीत राबली, आईही राबत होती. एड्नाही तिथेच गेली असती. पण चर्चच्या नाटकात तिने राणी केली आणि डोक्यात लंडन शिरलं.

नाट्यशाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी तिला अडवलं. "बुस नाही, बस. बुटर नाही, बटर. हे गिरणीतले उच्चार घेऊन मोलकरणीपलीकडे काही मिळायचं नाही तुला."

एड्नाने ते मनावर घेतलं. दातांत बूच धरून जीभ वळवली, नावही एलेनॉर शेल्बर्न करून टाकलं. मग कितीतरी वर्षं ती रंगमंचावर सरदारांची बायको होऊन चहा ओतत राहिली. सुट्टीत घरी आली की आई म्हणायची, "या बाईसाहेब! बटाटे साध्या बशीत चालतील ना?"

१९६०च्या सुमाराला हवा पालटली. नाटक-सिनेमावाल्यांना एकाएकी गरिबांचा पुळका आला. सरदारांच्या बायका घरी बसल्या. तेवढ्यात ओल्डमच्या गिरणीवरच सिनेमा निघाला. एड्ना धावत गेली.

दिग्दर्शक बड्या घरचा, अंगात मुद्दाम उसवलेला स्वेटर. म्हणाला, "मिस शेल्बर्न, तुम्ही फारच खानदानी वाटता हो."

"अहो, मी ओल्डमचीच! आई अजून गिरणीत जाते माझी."

"हल्ली सगळ्याच असं सांगतात," तो हसला.

तरी काम दिलं. अट एकच, बोली शिकायची. शिकवायला पेरेग्रिन फॉक्स नावाचे गृहस्थ. राहणार लंडनशेजारच्या सरेचे; उत्तरेत गेले होते ते शिकारीपुरते. एड्नाने आजीच्या तोंडचं एक वाक्य म्हणून दाखवलं. फॉक्सनी कानांवर हात ठेवले.

"छे, छे! किती खोटं वाटतंय! ओढून म्हणा. बूऽऽस!"

काम हवं होतं. एड्ना ओढून म्हणाली.

सिनेमा गाजला. उच्च कुळातल्या बाईने कष्टकऱ्यांची बोली काय हुबेहूब उचलली, असं पेपरवाल्यांनी लिहिलं. एड्ना आईला ओल्डमच्या थिएटरात घेऊन गेली. आई डोळे बारीक करून बघत होती. मध्येच मोठ्याने म्हणाली, "ही बाई कुठली गं? वेल्सकडची का?"

"आई, मी आहे ती."

"ते दिसतंय मला. बोलतंय कोण?"

पुढच्या रांगेतल्या गिरणीवाल्या फिदीफिदी हसल्या. एड्नाचे कान तापले.

पुढे तिने जन्मभर गिरणीतल्या बायकाच केल्या, आणि फॉक्ससाहेबांच्याच बोलीत. देशाला आता तीच खरी वाटत होती. त्या कमाईतून तिने आईला संडास आत असलेलं घर घेऊन दिलं. आई शेजारणींना घर दाखवायची आणि अभिमानाने सांगायची, "आमची एड्ना आपल्यासारख्या बायकांची कामं करते. त्या तसं का बोलतात, ते मात्र विचारू नका."