साडभाऊंचा डब्बा

आंधळगावच्या केवळराम सोनकुसरे यांना मी अनेक वर्षांपासून ओळखतो. या माणसाला ना साखरेचा त्रास, ना दाब. त्यांना एकच जुनाट दुखणं आहे आणि ते तुमसरला राहतं. नाव भूपेंद्र. नात्यानं साडू.

भूपेंद्रनं गाडी घेतली की केवळरामांच्या पोटात जळजळ. भूपेंद्रच्या दारचा जांब लवकर पिकला की यांना इकडे रात्रभर ढेकर. दोघांचा धंदाही एकच: कॉम्प्युटरवर अर्ज भरून द्यायचे, लग्नपत्रिका तयार करून छापायच्या. फरक एवढाच, की सासरच्या सगळ्या पत्रिका केवळरामांकडे येत. थोरले जवाई म्हणून तो त्यांचा मान. दुकानातला तो जुना, धान्याच्या कोठीएवढा कॉम्प्युटर त्या मानाच्या जोरावरच घरघरत होता.

मग दोन हजार नऊ साली धाकट्या मेव्हणीचं, स्वातीचं, मोहाडीला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. जेवणं आटोपल्यावर भूपेंद्रनं पिशवीतून एक काळा डब्बा काढला. जेमतेम पानदानाएवढा. सासऱ्यांच्या नव्या टीव्हीला त्यानं तो जोडला, आणि पडद्यावर पत्रिकेचा नमुना झळकला. वर गणपती, तोही गोल फिरणारा!

"अगाई!" सासूबाई निर्मलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "एवढुशा डब्ब्यात मावला हा कॉम्प्युटर? अन् थोरल्या जवायाचा तं दोन माणसं लावून उचला लागते!"

केवळरामांच्या हातातला बुंदीचा लाडू हातातच राहिला.

"पत्रिका कोणाकडून करायची ते मंग पाहू," सासूबाई म्हणाल्या. "दोघंही पंधरा दिवसात नमुना आणा."

आजवर मागितल्याशिवाय मिळालेला मान आता परीक्षेला बसला होता. केवळरामांनी आवाज शक्य तितका बेफिकीर करून विचारलं, "केवढ्याचा आहे हो हा डब्बा?"

"डब्बा नं? साडेसहा हजाराचा, साडभाऊ."

फक्त साडेसहा! केवळरामांच्या कोठीला त्या काळी तीस लागले होते. तिसऱ्याच दिवशी ते नागपूरहून तसाच डब्बा घेऊन आले. दुकानदार "यात आणखी..." असं काहीतरी म्हणत होता. पण हे गिऱ्हाईक घासाघीस करायला नव्हे, साडूची बरोबरी करायला आलं होतं. त्यांनी पैसे मोजले आणि बस पकडली.

केवळरामांचं घर कोष्ट्यांचं, म्हणजे विणकरांचं; तिथं नवा माग उभा राहिला की पूजा होते. तशी डब्ब्याची झाली. हळद-कुंकू, नारळ, शेजारीपाजारी, सगळं रीतसर. केवळरामांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडदा काळा.

"येऊन राहिला," केवळराम म्हणाले.

पाच मिनिटं गेली. प्रसाद वाटून झाला.

"कुठून येऊन राहिला? नागपूरहून काय?" एकानं विचारलं.

शेवटी डब्बा उघडला. आत एक हिरवी पाटी, एक चिमुकला पंखा आणि भरपूर मोकळी जागा. केवळरामांचे वडील चंद्रभानजी म्हणजे चाळीस वर्षं कोशाच्या रेशमाची लुगडी विणलेला माणूस. ते चष्मा पुसून आत वाकले.

"काहून बापू, नुसता माग आणला काय? फणी कुठी आहे? धोटा कुठी आहे? सूत कोण भरन?"

म्हाताऱ्यानं कॉम्प्युटरला जन्मात हात लावला नव्हता, पण दुखणं बरोबर सांगितलं. डब्बा तसाच विकला जातो. मेमरी आणि हार्डडिस्क आपली आपण घ्यायची. त्यातून कोठीतली जुनी मेमरी त्यात बसेना, लॅपटॉपवाली लागली. डिस्कही तसलीच छोटी. सीडी घालायला खाच नाही, म्हणून त्यासाठीही पेटी वेगळी. प्रत्येक वस्तू आकारानं अर्धी आणि किमतीनं दुप्पट. नागपूरच्या तीन फेऱ्या झाल्या. साडेसहाचा डब्बा तेरा हजारांना पडला आणि त्यांच्या बायकोनं, करुणावहिनींनी, चार दिवस भाजीत मीठ घातलं नाही.

मात्र खरी गंमत पुढे झाली. नमुना न्यायच्या आदल्या दिवशी सकाळीच वीज गेली, भारनियमनाची. कोठी इन्व्हर्टरवर वीस मिनिटांत मान टाकायची. डब्बा मात्र तीन तास चालला. पंख्याचा आवाजही नाही! नमुना झाला, छापून झाला, तरी बॅटरी उरली. केवळरामांनी पहिल्यांदाच त्या डब्ब्यावरून मायेनं हात फिरवला.

इतक्यात करुणावहिनींनी बहिणीच्या फोनवरची बातमी आणली: भूपेंद्रचा डब्बा बंद पडला. केवळराम तडक तुमसरला गेले. विचारपूस करायला, असं ते आजही सांगतात.

भूपेंद्रचं दुकान राइस मिलला लागून. तो डब्बा उघडून सायकलच्या पंपानं हवा मारत बसला होता. चिमुकल्या पंख्यात मूठभर कोंडा.

"तापते अन् बंद पडते," भूपेंद्र रडवेला झाला होता. "नमुना आतच अडकला, साडभाऊ."

"अरेरे," केवळराम म्हणाले. इतकं आनंदी 'अरेरे' मी तरी ऐकलेलं नाही. "पण तुम्ही मले साडेसहाच काहून सांगितले हो? तेरा लागले मले!"

"मलेही तेवढेच लागले. तुम्ही डब्ब्याचे विचारले, म्या डब्ब्याचे सांगितले. सगळे ऐकून राहिले होते. तेरा सांगून हसं करून घेऊ काय?"

पत्रिका अर्थातच केवळरामांना मिळाली. मांडवात भूपेंद्र ती हातभर लांब धरून, मग नाकाशी धरून वाचत होता. 'आपले विनीत'मध्ये केवळरामांचं नाव चण्याएवढ्या ठसठशीत अक्षरात होतं.

"साडभाऊ, माझं नाव कुठी आहे?"

केवळरामांनी खिशातून चंद्रभानजींचा चष्मा काढून त्याच्या हातात दिला. घरून निघतानाच तो आठवणीनं घेतला होता.

"शेवटच्या ओळीत पाहा. आकार लहान आहे, पण आडनावासकट सगळं भरून देल्लं."