गुलाबपाणी आणि बोकडाचा डोळा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझं सगळं भवितव्य एका बोकडाच्या डोळ्यांवर येऊन ठेपलं होतं. कोपरगावच्या आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा आणि नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन एकाच सकाळी ठेवलं होतं, कारण पाहुण्यांना दाखवायला काहीतरी चालू हवं होतं.

प्रयोग साधा. डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या काही पेशी अॅसिटिलकोलीन सोडून एकमेकींना निरोप देतात. निरोप पोचला की एक एन्झाइम ते लगेच तोडून टाकतं, नाहीतर डोळा जुनीच बातमी सांगत बसेल. भाषणांसाठी असं एन्झाइम अजून सापडलेलं नाही. तोडताना आम्ल तयार होतं. म्हणून खलात वाटलेला पडदा अॅसिटिलकोलीनच्या, आम्ल दाखवणारा रंग घातलेल्या निळ्या द्रावणात टाकला की ते पिवळं व्हायला हवं. नाही झालं, तर मी नापास.

डोळे मटणाच्या दुकानातल्या चाचांनी दिलेले, बर्फ रसवंतीवरचा. वाटलेला पडदा अर्धा टेबलावर उघड्या बीकरमध्ये, अर्धा बर्फासह थर्मासमध्ये.

एवढ्या गर्दीला गुलाबदाणी पुरेना. स्वागत समितीने कॉलेजच्या शेतावरचा फवारणी पंप घाईत विसळला आणि त्यात गुलाबपाणी भरलं. दारावर, पाहुण्यांवर, टेबलावर आणि माझ्या बीकरवरही मानाचा फवारा पडला.

मी बीकरमधले थेंब नळीतल्या द्रावणात टाकले. निळं. हलवलं. निळंच.

"लई भारी निळं हाय!" प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई, डोळा तुमचा झोपलाय का?" पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

शेवगावकडची माझी मैत्रीण कानाशी आली. "अगं, वास घे. गुलाब न्हाई हा. आमी कपाशीवर मारतो त्याचा वास हाय."

कीटकनाशक नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं! मी थर्मास उघडला, नव्या नळीत थेंब टाकले. हिरवं... पिवळं! मी किंचाळलेच.

"दोन्ही नळ्या ठेवा," परीक्षक म्हणाले. "एकीत एन्झाइम चालू, एकीत बंद. कशानं बंद पडलं?"

"सर, स्वागतानं."

कारण सांगितलं तेव्हा त्यांना हसताना चष्मा काढावा लागला. मग खिडक्या उघडायला लावून त्यांनी पाहुण्यांना हाततोंड धुवायला नळावर पाठवलं. त्या गडबडीत भाषण राहिलं ते राहिलंच.

"पास," ते मला म्हणाले.

मी दोन्ही नळ्या उंच धरून व्हरांड्यात नाचू लागले.

"अगं, सांडशील!" मैत्रीण ओरडत मागे धावली. "त्यांनी मार्क अजून लिव्हलं न्हाईत!"