न हलणारा तारा

पूजा झाली की अक्षता गोळा करून ठेवतो, तरी चार दाणे कुठेतरी राहतातच. सोफ्याच्या फटीत, सतरंजीखाली, कधी साडीच्या निऱ्यांत. आमच्या सोमवारच्या मंडळाचे किस्से असेच साठले. मुद्दाम कुणी जमवले नाहीत, घर झाडताना सापडत गेले.

मंडळ म्हणजे नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतल्या आम्ही चौघी. मी, मंदावहिनी, नामपूरहून मुलाकडे राहायला आलेल्या, अहिराणी बोलणाऱ्या इंदूमावशी आणि सुनंदा. सोमवारी दुपारी माझ्या हॉलमध्ये व्रताची कहाणी, स्तोत्र आणि मग चहा.

गेल्या वर्षी सुनंदा यायची थांबली. नवऱ्याच्या आजारपणात तिने सोळा सोमवार धरले होते. उद्यापनाच्या चुरम्यासाठी गहू निवडून ठेवले होते, आणि उद्यापनाच्या आधीच नवरा गेला.

"व्रत मी नाही मोडलं ताई, त्याने मोडलं," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या घरी देवापुढे दिवा नाही.

मी रोज तिच्यासाठी हात जोडायचे, पण तिला काही बोलायचं धैर्य नव्हतं. वाट काढली ती माझ्या सुनेने, ऋचाने.

"आई, त्या देवासाठी येत नाहीत ना? मग टीव्हीसाठी बोलवा!"

*

ऋचाची लाडकी मालिका अवकाशातली. यानं, ग्रह, आणि ताऱ्याताऱ्यांतून भटकणारे संन्यासी. सगळ्या चराचरातून एक शक्ती वाहते आणि हे लोक डोळे मिटून ती ऐकतात. तिचं इंग्रजी नाव आमच्या जिभेवर बसेना. ऋचा म्हणाली, "आपण ओघ म्हणू या."

सुनंदा खरंच आली! आमच्या हॉलमध्ये एका भिंतीला टीव्ही आणि बरोब्बर समोरच्या भिंतीला देवघर. टीव्ही बघायचा तर देवाकडे पाठ होते. तिने सोफा पाहिला, देवघराकडे न बघताच बसली आणि म्हणाली, "ही जागा बरी आहे."

पडदे ओढले, खोली निळी झाली. चौघींच्या चेहऱ्यांवरून तारे वाहू लागले. उदबत्तीचा धूर टीव्हीपुढून गेला की वाटायचं, तोही त्या आकाशातलाच. एवढ्यात इंदूमावशी पुढे वाकल्या.

"माय वं, बाकीना पळतस, हाऊ एकच तारा काबरं हालस नही?"

ऋचाने चित्र थांबवलं, जवळ जाऊन पाहिलं आणि हसतच सुटली. "मावशी, हा आपला नंदादीप! मागच्या देवघरातला, काचेत दिसतोय."

"मंग बरोबर शे," मावशी मागे टेकल्या. "तो कसाले हाली!"

सगळ्या हसलो. सुनंदाही हसली. मागे मात्र वळून पाहिलं नाही.

*

दुसऱ्या सोमवारी ऋचा आम्हाला मराठीत सांगत होती, "एका ग्रहावर एक राणी होती..."

झालं! 'एक राणी होती' ऐकल्यावर मंदावहिनींचा हात आपोआप तबकात गेला. कहाणी ऐकायची तर मुठीत अक्षता हव्यात, हे लहानपणापासूनचं वळण. त्यांनी घेतल्या म्हणून मावशींनी घेतल्या, मीही घेतल्या. सुनंदाने मात्र हात मांडीवरच ठेवले.

आणि राणीचं यान सूर्यात कोसळतंय, नेमका तिथेच भाग संपला!

"आता गं?" मंदावहिनींना घाम फुटला. "कहाणी पुरी झाल्याशिवाय मूठ उघडायची कशी?"

शेवटी त्यांनी अक्षता पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि पुढच्या सोमवारपर्यंत रोज नव्या साडीच्या पदरात हलवल्या. दारातून आमच्या ह्यांनी विचारलं, "हे भजनी मंडळ की अंतराळ मंडळ?"

"दोन्ही एकच!" मंदावहिनी म्हणाल्या. "वर बघायचं आणि हात जोडायचे."

*

या मालिकेतला राक्षसही ओळखीचाच निघाला. मोठं तप करून ओघ वश केला आणि मग गुरूच्याच अंगावर धावला.

"आपल्या सगळ्या गोष्टींत असंच," मंदावहिनी म्हणाल्या. "वर मिळाला की पहिला देणाऱ्यालाच धडा!"

मावशींची काळजी वेगळी. ते संन्यासी एका वाडग्यातून हिरवट काहीतरी खात होते आणि त्या सोमवारी एकादशी होती.

"ऋचा, उपासाना दिवशी हाई चालस का त्यासले?"

ऋचा गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मावशी, तो त्यांच्याकडचा राजगिराच!"

मावशींनी समाधानाने शेंगदाण्याचा लाडू तोंडात टाकला.

*

मग तो भाग आला. एक तरुण संन्यासिनी. तिचा भाऊ युद्धात मारला जातो, ती व्रत अर्धवट सोडते, संन्यासाच्या सगळ्या खुणा उतरवून नदीकाठी बसते. म्हातारी गुरुमाय तिच्याशेजारी येऊन बसते. रागावत नाही, समजावत नाही. बऱ्याच वेळाने म्हणते, "ओघ तुटत नसतो, पोरी. आपण दमून काठावर बसतो."

चहा निवला.

"ऋचा," सुनंदा म्हणाली, "जरा मागे घे."

ऋचाने मागे घेतलं. गुरुमाय पुन्हा तेच म्हणाली.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा ऐकून ती उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. दुखावली तर नाही ना आपण तिला?

*

मला राहवेना. पंचवटीत गेले होते, तिथे भाजीबाजारात ओळखीचे गुरुजी भेटले. स्कूटरला मेथीच्या जुड्या लटकवून उभे होते. मी नाव न घेता विचारलं, राहिलेलं उद्यापन पुढे कधी करता येतं का? नवरा नसताना बाईने केलं तर चालतं का?

"राहिलेलं कधीही करता येतं. का नाही चालणार?" गुरुजी म्हणाले. "पण तुम्ही विचारून काय उपयोग? ज्यांचं राहिलंय, त्यांच्या मनात यायला हवं."

मी म्हटलं, खरंय. मग भीत भीत सगळंच सांगितलं. मालिका, ओघ, नदीकाठ. "एका भागात ती गुरुमाय म्हणते ना..."

गुरुजींनी घाईघाईने दोन्ही हात वर केले.

"थांबा, थांबा! पुढचं सांगू नका! माझे अजून बरेच भाग राहिलेत!"

*

सुनंदा पुढच्या सोमवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मालिका संपली. मंदावहिनींनी पदराची शेवटची गाठ सोडून अक्षता तुळशीत वाहिल्या. पुन्हा आम्ही तिघी उरलो, आमची कहाणी आणि आमचं स्तोत्र.

नंतरच्या एका सोमवारी चहा लांबला. दिवेलागण झाली, अजून लाइट लावले नव्हते. बेल वाजली. दारात सुनंदा, हातात स्टीलचा डबा.

"सुनंदामावशी, नवा सीझन अजून आला नाही हो," ऋचा म्हणाली. "दुसरं काही लावू का?"

"नको. बंदच असू दे."

ती आत आली आणि सोफ्यावरच्या आपल्या जागेसमोर खाली जमिनीवर बसली. तोंड टीव्हीकडे, पाठ देवघराकडे. डब्याचं झाकण काढलं. तुपाचा वास हॉलभर पसरला. चुरमा होता.

तो वाटीत काढून वाटी टीव्हीपुढे ठेवली. चहाबरोबरच्या भांड्यातलं पाणी हातावर घेऊन वाटीभोवती फिरवलं आणि डोळे मिटले.

"माय वं!" मावशी कुजबुजल्या. "टीव्हीले निवद?"

मंदावहिनींनी त्यांच्या हाताला चिमटा काढला. बाहेर कुठेतरी आरतीची घंटा वाजत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. सुनंदाने डोळे उघडले, समोरच्या काळ्या काचेकडे टक लावून बघत राहिली. मग मागे न वळताच म्हणाली,

"ताई, तो तारा आज मंद दिसतोय. तेल घाला."