सातव्या भागाची रांग

अर्धा पूल ओलांडून झाला तरी थोरली मागे वळून बघेना. मिटलेली हिरवी छत्री काखेत मारून ती पुढे, आणि सातव्या भागाचं जाडजूड पुस्तक पिशवीत घेऊन धाकटी जाऊ मागे. पुस्तक कसलं, वीटच ती. पिशवीचे बंद बोटांत रुतत होते.

"ताई, जरा दमानं. बसनं गेलो असतो की."

"बसमध्ये माणसांची तोंडं बघावी लागतात. आज मला कुणाचं तोंड बघायचं नाही."

अकरा वर्षं ही बाई येणाऱ्या-जाणाऱ्याची तोंडंच तर बघत आली होती. आणि आज, पुस्तक बाजारात आलं त्याच दिवशी, भर दुपारी दुकानासमोरची जागा सोडून ती निघाली होती. धाकटी कोपऱ्यावरून चहा घेऊन येते तो ही चालायलाही लागलेली. काय झालं ते सांगायला तयार नाही.

थोरली इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर चादरी, उशांचे अभ्रे, इस्त्री. तिला एकुलता एक मुलगा. चष्म्यामुळे त्याला सगळे ढापण्या म्हणत, तीसुद्धा. या ढापण्याला एका कादंबरीचं वेड लागलं. सात भागांची कादंबरी, त्यात राज्यं, शाप, समुद्रापलीकडच्या लढाया. एक भाग आला की पुढच्याची वर्षानुवर्षं वाट बघायची. परीक्षेत तो नापास झाला त्या दिवशी थोरलीचं डोकं फिरलं. तोवर निघालेले चारही भाग तिनं उचलले आणि चादरी भिजवाव्यात तसे सोड्याच्या टबात बुडवले. पोरगं दारात उभं राहून बघत राहिलं. सकाळी त्याचं अंथरूण रिकामं होतं. एक काडी दोऱ्यानं बांधलेला चष्मा आणि अंगावरचे कपडे, एवढंच घेऊन गेला.

पोलीस झाले, नातेवाईक झाले, पेपरात फोटो देऊन झाला. घरात बसवेना म्हणून थोरलीनं ती पुस्तकं टबातून काढली, दोरीवर चिमटे लावून वाळत घातली आणि वर पातळ फडकं टाकून एकेक पान इस्त्री करायला घेतलं. इस्त्री करताना नजर जायचीच. आधी अर्धी ओळ, मग परिच्छेद. चौथा भाग सरळ होईपर्यंत बाई त्या राज्यांत पुरती अडकली. "लंगड्या राजपुत्राला कोठडीत टाकलं गं," असं ती जेवताना इतक्या काळजीनं म्हणायची की धाकटीला वाटावं, नात्यातलंच कुणी. तक्रार मात्र एकच. "एवढं मोठं सैन्य, एवढा चिखल, एवढं रक्त. पण ह्यांचे कपडे धुतं कोण, ते कुठ्ठं लिहिलेलं नाही."

आणि तिनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. पोरगं आईला विसरेल, पण पुढच्या भागाला विसरणार नाही. पुस्तक पहिल्या दिवशी मिळायचं ते एकाच मोठ्या दुकानात. पाचवा भाग आला तेव्हा ती हिरवी छत्री घेऊन दार उघडायच्या आधीपासून तिथं उभी. सहाव्यालाही तेच. रांगेतली पोरं तिला ओळखू लागली.

"काय राजमाता, यंदा कोण मरणार?"

"ते राहू दे. तू जेवलास का, ते सांग आधी."

प्रत्येक वेळी धाकटी सोबतीला असे. ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत राही. मागणं एवढंच, की एकदा दिसू दे.

सातवा भाग शेवटचा होता. आता पुन्हा रांग लागणार नव्हती.

पूल संपला तिथं सिमेंटचं बाकडं होतं. थोरली मटकन बसली.

"तू चहाला गेलीस ना, तेव्हा दुकानदार बाहेर आला," ती म्हणाली. "म्हणाला, बाई, तुमच्या घरचं कुणीतरी तुमची फार काळजी करतं. दर वेळी फोन येतो, हिरव्या छत्रीवाल्या बाई गेल्या का म्हणून. पाचव्याला आला, सहाव्याला आला. आज सकाळीही आला."

धाकटीचे हात आपोआप जोडले गेले. "आहे म्हणजे. ताई, आपला ढापण्या आहे."

"आहे ना. आणि हा दुकानदार त्याला काय सांगतो? आहेत की, सकाळपासून उभ्या आहेत. एवढं ऐकलं की तो फोन ठेवून देतो."

"नंबर तरी..."

"जुना फोन आहे. नंबर दिसत नाही. विचारलं मी." थोरली छत्रीच्या दांड्याकडे बघत होती. "आधी त्याची पुस्तकं भिजवली. मग अकरा वर्षांत तीनदा दुकानाच्या दारात उभी राहून त्याला पिटाळून लावलं."

"असं नसतं हो. लाजत असेल, घाबरत असेल. देव..."

"माझी समजूत नको काढूस. कुठला डाग निघतो आणि कुठला नाही, हे बघण्यात माझा जन्म गेलाय."

धाकटीनं पिशवीतलं पुस्तक काढून पुढे केलं. थोरलीनं मुखपृष्ठावरून तळहात फिरवला, जशी इस्त्रीआधी चादर सारखी करतात, आणि परत दिलं.

"आधी त्याला वाचू दे. मग मी."

"तो येणार कसा?"

"तेच सांगते. उद्या तू जा. एकटी. ही छत्री नेऊ नकोस. दुकानदाराला सांग, फोन आला तर म्हणावं, त्या बाई गेल्या, आता येणार नाहीत. तू आत कपाटाच्या आड बस. तुझ्यावर त्याचा कधी राग नव्हता."

"आणि आला तर? काय सांगू त्याला?"

"काही सांगू नकोस. हाक मारू नकोस, कुठं राहतोस विचारू नकोस, मागं जाऊ नकोस. सुखानं पुस्तक घेऊ दे त्याला." थोरलीनं पदरानं तोंड पुसलं. "चष्मा धड आहे का, तेवढं मात्र बघून ये."