उजवीकडून तिसरा डाग

माझी आत्या ठसेचित्रं काढते आणि एकटी राहते. दोन्हींबद्दल विचारलेलं तिला खपत नाही. युद्धाच्या दफ्तरातले जुने फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे आणि माणसं ओळखू येईनाशी होईपर्यंत पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा, हे तिचं काम. नातेवाईक म्हणतात, डाग पाडत बसते.

परवा आई पहिल्यांदाच तिच्या कामाच्या खोलीत आली. टेबलावरच्या ओल्या कागदावर नऊ काळे डाग ओळीने उभे होते. बाबा युद्धावरून परत आले नाहीत. हा त्यांच्या तुकडीचा शेवटचा फोटो. आईला तो पाठ होता. "हे उजवीकडून तिसरे," म्हणत तिने त्या डागापाशी खुर्ची ओढली आणि बराच वेळ बसून राहिली.

पत्र्यावरचं चित्र कागदावर उमटताना डाव्याचं उजवं होतं. बाबा आता डावीकडून तिसरे होते. मी सांगायला तोंड उघडलं, तर आत्याने डोळे वटारले.

आई गेल्यावर मी म्हणाले, "भलत्याच माणसापाशी बसली ती."

"बसू दे," आत्या हाताची शाई पुसत म्हणाली. "दफ्तरात त्या माणसाच्या नावापुढे लिहिलंय, जवळचं कोणी नाही."